चौदा नंबरचा दिवा

चौदा नंबरच्या पाइपावरचा दिवा हिरवा होता. दुसऱ्या दिवशीही हिरवा, तिसऱ्या दिवशीही हिरवाच. त्या हिरव्याचा खरा अर्थ कळणारी साऱ्या चिंच गल्लीत एकच बाई होती, आणि ती दारात उभी राहून, हातातला चहा गार करत, त्या दिव्याकडे बघत होती. ती कुणाला काही बोलली नाही. या हकिकतीतली सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे, तेव्हा ती आधीच सांगून टाकलेली बरी.

बाईचं नाव जयमाला इंगवले. गल्लीत सगळे तिला जयाक्का म्हणत. एका डेअरीच्या प्रयोगशाळेत तिनं एकतीस वर्षं काढली होती. काम एकच, आलेल्या प्रत्येक कॅनमधलं थोडं थोडं दूध तपासायचं. गाईला पेनिसिलीन टोचलं की ते दुधात उतरतं, आणि तसल्या दुधाला विरजण लागत नाही, कारण विरजणातले जिवाणूच मरून जातात. असा एक कॅन नजरेतून सुटला तर अख्ख्या टाकीचं दही नासायचं. म्हणून डेअरीत एक पद्धत होती. ज्याचं दूध नापास झालं त्याचा नंबर संकलन केंद्रावरच्या फळ्यावर लाल खडूनं लिहायचा. नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. दुसऱ्या दिवशी तो गवळी मान खाली घालून यायचा आणि पुन्हा म्हणून तशी चूक करायचा नाही. जयमालाला ही पद्धत फार आवडायची. आरडाओरडा नाही, दंड नाही, नुसता एक आकडा.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी शहरातला कचरा डेपो भरून बंद झाला. ज्या गल्लीचा ओला कचरा त्या गल्लीतच जिरला पाहिजे असा नियम आला. बाकीच्या गल्ल्यांनी समित्या नेमल्या आणि भांडत बसल्या. चिंच गल्लीनं मात्र आपल्या तालमीचा हौदा दिला. तांबड्या मातीचा तो आखाडा तसाही दहा-बारा वर्षं ओस पडला होता, कारण पोरं जिममध्ये जात. त्या हौद्याच्या जागी जमिनीखाली टाकी बसली आणि बासष्ट घरांच्या मोऱ्या न् संडास तिला जोडले गेले. तिसऱ्या आठवड्यात बासष्ट घरांत निळी ज्योत पेटली. पडेल ते खाऊन पचवणाऱ्या त्या टाकीला लोकांनी लाडानं नाव ठेवलं, पैलवान. सकाळी बायका खरकटं ओतताना एकमेकींना विचारत, "घातला काय खुराक?"

पैलवानाची ताकद त्याच्या पोटातल्या जिवाणूंत होती. जुन्या गोबरगॅसला जे पचवायला महिना लागायचा ते हे जिवाणू सहा तासांत पचवत. त्यांच्यात एकच उणीव होती आणि ती मुद्दाम ठेवलेली होती. प्रतिजैविकांची सवय झालेले जिवाणू खतातून भाजीत आणि भाजीतून माणसात गेले, तर उद्या साध्या जखमेलाही औषध लागू पडणार नाही. म्हणून या जिवाणूंमधून औषधाला दाद न देणारी जनुकंच काढून टाकली होती. त्यामुळे खत निर्धोक झालं, पण पैलवान नाजूक झाला. एका माणसानं घेतलेल्या कॅप्सूलही त्याला आजारी पाडू शकत, कारण अशा औषधांतल्या बऱ्याच औषधांचा अर्ध्याहून जास्त भाग जसाच्या तसा लघवीतून बाहेर पडतो.

यावर तोडगा जयमालानंच काढला. प्रत्येक घराच्या पाइपात तिनं नखाएवढी पट्टी बसवून घेतली. पट्टीवर तेच जिवाणू. जिवंत असेपर्यंत ते इवलासा विद्युतप्रवाह देत राहतात आणि दिवा हिरवा राहतो. औषध आलं की ते मरतात, प्रवाह पडतो, झडप फिरते आणि त्या घराचं पाणी पैलवानाकडे न जाता गावच्या गटारात जातं. दिवा लाल होतो. जितके दिवस लाल, तितके दिवस त्या घराला गॅस नाही. मग कुणीतरी विचारलं की लाल कुणाचा झाला हे गल्लीला कळणार कसं? जयमालाला डेअरी आठवली. ती म्हणाली, "तालमीच्या फळ्यावर नंबर लिहा. नाव नको, नुसता नंबर."

बासष्ट घरांच्या गल्लीत नंबर म्हणजेच नाव असतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. गवळी बावीस गावांतून यायचे आणि दूध घालून निघून जायचे. इथं माणसं फळ्यासमोरच राहत होती.

सुरुवातीला सगळं चांगलंच झालं, ते नाकारून चालणार नाही. सर्दी झाली की दुकानातून गोळ्या आणून गिळायची लोकांची खोड मोडली. वर्षभरात गल्लीतली प्रतिजैविकं निम्म्यावर आली. बाहेरगावचे लोक बघायला येत, जयमालाचे फोटो काढत. पाहता पाहता बाकीच्या गल्ल्यांतही टाक्या आणि फळे आले. मग पेठेतल्या तालमींनी ठरवलं की कुस्त्या तर आता उरल्या नाहीत, तेव्हा मानाची गदा ज्या गल्लीचा फळा शंभर दिवस सलग कोरा राहील तिला द्यायची. आणि गल्लीला खूळ लागलं.

त्या गदेशी जयमालाच्या घराचं जुनं दुखणं होतं. तिचे यजमान सर्जेराव तेविसाव्या वर्षी याच तालमीतून अंतिम कुस्तीला उतरले होते आणि आठव्या मिनिटाला चितपट झाले होते. गदा पलीकडच्या पेठेत गेली. त्यानंतर पस्तीस वर्षं ते एस.टी.त मेकॅनिक होते, तालमीच्या पायरीवर बसायचे, पण आखाड्यात उतरले नाहीत. गल्लीत ते सर्जेमामा होते. फळा कोरा राहू लागला तसे ते रोज सकाळी फळ्यासमोर उभे राहून दिवसाचा आकडा मोठ्यानं वाचू लागले.

नव्वदाव्या दिवशी डॉक्टरांनी त्यांची टाच बघितली. साखरेचा आजार जुना, त्यात जखम चिघळलेली. डॉक्टरांनी अठ्ठावीस कॅप्सूल लिहून दिल्या आणि बजावलं, "एकही चुकवायची नाही. साखर आहे, पायाशी खेळ नको."

घरी आल्यावर जयमालानं पाण्याचा पेला आणि कॅप्सूलचं पाकीट त्यांच्यापुढं ठेवलं.

"ठेव तिथं," सर्जेराव म्हणाले. "घेतो मी."

ती वळून आत गेली आणि आमटी ढवळू लागली. आमटीला ढवळायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दिवा हिरवा होता. तिनं मनाशी कारणं शोधली. त्यांची किडनी मंद असेल, औषध उशिरा उतरत असेल. पट्टी जुनी झाली असेल. पण हीच पट्टी एकतीस नंबरच्या बाळाच्या अर्ध्या चमचा औषधानंही लाल झाली होती, हे तिला पाठ होतं. औषध घेणाऱ्या माणसाच्या घरचा दिवा हिरवा राहूच शकत नाही. हे यंत्र तिचं होतं आणि ते खोटं बोलत नव्हतं. तरी तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं, आणि मग तिला काहीतरी करावं लागलं असतं. शिवाय, आता लपवण्यात काय अर्थ आहे, ती गदा तिलाही हवी होती.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी सर्जेराव भर उन्हात मफलर गुंडाळून बसले होते. पायाची लाली नडगीपर्यंत चढली होती.

"दवाखान्यात जाऊया," ती म्हणाली.

"आन त्यांनी ठेवून घेतलं म्हंजे? शंभराव्या दिवशी गदा खांद्यावर घ्यायचा मान मला दिलाय तालमीनं. दोन दिवसांचा तर प्रश्न हाय."

"दोनच दिवस हं," ती म्हणाली.

हे दोन शब्द पुढे आयुष्यभर तिच्या कानात राहिले. त्या क्षणी दोघांनाही सगळं माहीत होतं आणि दोघांनीही डोळेझाक केली.

शंभराव्या दिवशी हलगी वाजली, गुलाल उधळला. सर्जेरावांनी गदा खांद्यावर घेतली आणि ते तालमीच्या पायऱ्या चढू लागले. लोकांना वाटलं, मामांचे डोळे आनंदानं लाल झालेत. चौथ्या पायरीवर ते बसले आणि मग आडवे झाले. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी पाय गुडघ्याखाली कापला. विष तोवर रक्तात भिनलं होतं. चौथ्या दिवशी ते गेले.

तेराव्यानंतर जयमालानं त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी जुना लाल लंगोट घडी घालून ठेवलेला होता. घडीत कॅप्सूलच्या पट्ट्या. तिनं कॅप्सूल मोजल्या. अठ्ठावीस होत्या, एकही कमी नव्हती.

तालमीत शोकसभा झाली तेव्हा ती त्या पट्ट्या घेऊन गेली. तालमीचा अध्यक्ष उत्तम चौगुले मामांच्या आठवणी सांगत होता. बत्तीस-तेहतीस वर्षांचा, धडपड्या, जयमालाच्या डोळ्यांसमोर वाढलेला. तिनं त्याला मध्येच थांबवलं आणि पट्ट्या टेबलावर ठेवल्या.

"हे बघा. यातली एक पण त्यांनी खाल्ली न्हाई. फळ्यावर चौदा नंबर येईल म्हणून. मला कळलं हुतं. दिव्यावरनं पहिल्याच दिवशी कळलं हुतं आन मी गप बसले." तिनं एक पट्टी उचलून धरली. "लाल दिवा म्हंजे काय पाप न्हवं रे. लाल म्हंजे झडप फिरली, पैलवान वाचला, आन घरातलं माणूस बरं व्हायला लागलं. मीच चुकले. तो फळा पुसा."

पुढच्या रांगेतले लोक वाकून पट्ट्या बघू लागले. क्षणभर तिला वाटलं, पोचलं. मग मागून कुणीतरी हुंदका दिला आणि उत्तम गहिवरून म्हणाला, "म्हंजे मामांनी गल्लीसाठी जीव दिला! आक्का, आमास्नी ह्ये ठावंच नव्हतं."

चार दिवसांत तालमीवर फ्लेक्स लागला. 'चिंच गल्लीसाठी देह ठेवणारे पैलवान सर्जेराव इंगवले.' पैलवान टाकीलाही त्यांचंच नाव दिलं. फळा पुसला गेला नाही. उलट त्याला नवा काळा रंग दिला. जयमाला दोनदा उत्तमकडे गेली, तिसऱ्यांदा कार्यकारिणीकडे गेली. पट्ट्या, दिवे, झडपा आता सगळं तालमीच्या मालकीचं होतं. तिला चहा मिळाला आणि मान मिळाला. आता दोनशे दिवस फळा कोरा ठेवायचं ठरलं होतं.

दीडशेव्या दिवसाच्या सुमाराला चाळीस नंबरची श्रावणी सुतार बाळाला काखेत घेऊन मागच्या बोळातून आली. जयमाला परसात तांदूळ निवडत होती. बाळाच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"आक्का, तुमास्नी यंत्रातलं कळतंय म्हणून विचारतो," श्रावणी हळूच म्हणाली. "डॉक्टरांनी ओवीला सात दिवसांची बाटली दिल्या. मी सुरूच केली न्हाई. दुपटी धुतली की पाणी मोरीतनं जाणार. कमी कमी दिली, रोज दोन थेंब, तर दिवा लाल हुईल काय?"

"दोन थेंब दिल्यास काय?"

"न्हाई अजून. सासूबाई म्हंटल्या, मामांनी एवढं केलं गल्लीसाठी, आपल्याच्यानं सात दिवस निभंना व्हय."

जयमालाचे हात तांदळात तसेच राहिले. तिला राग आला, तो श्रावणीचा नव्हता. नवऱ्याच्या मरणाच्या कसोटीवर लोक आपली लेकरं घासून बघत होते, आणि ते मरण तिनं स्वतः शोकसभेत नेऊन त्यांच्या हातात दिलं होतं.

"बाटली आण," ती म्हणाली. "दुपटी पण आण. समदी माझ्या मोरीत धुवायची. रोज."

त्या दिवशी संध्याकाळी चौदा नंबरचा दिवा लाल झाला. फळ्यावर लाल खडूनं चौदा उमटला, एकशे बावन्न दिवसांची रांग तुटली आणि तालमीत सुतक पडल्यासारखं झालं. उत्तम विचारायला आला तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "मला लघवीचं इन्फेक्शन झालंय." श्रावणी तेव्हा दारासमोरूनच गेली, पण तिनं वर पाहिलं नाही.

गल्लीत अशा गोष्टी कुणी कुणाला सांगत नाही आणि सगळ्यांना कळतात. आठवड्याभरात ओवीची छाती मोकळी झाली. मग सत्तावीस नंबरची बाळंतीण आली. मग टाके पडलेला एक पोरगा, मग दाढ सुजलेले एक निवृत्त मास्तर. सगळे मागच्या बोळातून यायचे आणि संडासाची चावी खुंटीवरून स्वतःच घ्यायचे. कुणी जाताना लिंबं ठेवायचं, कुणी काहीच नाही. पुढच्या दारानं मात्र एकही आला नाही. जयमाला प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायची, आणि उत्तर मिळाल्याशिवाय चावीला हात लावू द्यायची नाही. तिचा दिवा आता कायमचा लाल होता. गॅस बंद झालेला. ती विजेच्या शेगडीवर एकदाच भात टाकायची आणि दोन वेळा खायची.

फळ्यावरचा चौदा पुसायचं कामच उरलं नाही. पोरांनी तो ऑइलपेंटनं रंगवून टाकला. वर सर्जेरावांचा फ्लेक्स आणि खाली त्यांच्या घराचा लाल नंबर. येणारे-जाणारे बघून मान हलवायचे. "मामा कसला माणूस, आन बाई बघा," असं कुणीतरी एकदा तिच्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं म्हणालं.

श्रावणात तालमीची सर्वसाधारण सभा भरली. विषय एकच होता, चौदा नंबरला पैलवानापासून तोडायचा. चौदा नंबर गणतीतून गेला की दिवस पुन्हा एकपासून मोजता येणार होते. उत्तमनं विषय मांडला, तोही चांगल्या शब्दांत मांडला.

"आक्कांबद्दल आदरच हाय. यंत्र त्यांनीच आणलं. पर मामांचं नाव तर राखलं पायजे का नको?"

जयमाला शेवटच्या रांगेत होती. ती उठून म्हणाली, "मला तोडायला माझी हरकत न्हाई. हात वर करताना फकस्त एकमेकांकडं बघा."

कुणी कुणाकडे बघितलं नाही. हात वर झाले. मास्तरांचा झाला, सत्तावीस नंबरच्या नवऱ्याचा झाला. श्रावणीच्या काखेत ओवी होती, त्यामुळे तिला हात वर करायला ओवीला दुसऱ्या कडेवर घ्यावं लागलं. तेवढा वेळ जयमालाला वाटत होतं, करणार नाही. मग तोही वर झाला. गल्लीला आपण जगवलं असं जयमालाला कधी वाटलं नव्हतं, पण त्या क्षणी तिला सगळ्यांचा उबग आला. घरी येऊन ती भिंतीशी पाठ टेकून बसली आणि खूप रडली.

दुसऱ्या दिवशी प्लंबरनं तिचा पाइप कापून थेट गटाराला जोडला. पट्टी काढली, झडप काढली, दिवा काढला. भिंतीवर फक्त चार स्क्रूंची भोकं राहिली. ती भोकं बघता बघता तिच्या लक्षात आलं की या घरातून काय वाहून जातं, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. सभेतल्या किती जणांनी हात वर करायच्या आधी हा विचार केला असेल, याचा तिनं अंदाज बांधला आणि मग सोडून दिला. फळा कोराही राहणार होता आणि आजारी पडायला एक घरही राहणार होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, उजाडून थोडाच वेळ झाला होता, मागच्या दाराची कडी वाजली. ती उठली नाही. शोकसभेतून परत आणलेल्या त्या अठ्ठावीस कॅप्सूल अजून ट्रंकेत होत्या, आणि आता कुणालाही दार उघडायचं नाही असं तिनं सभेहून येतानाच ठरवलं होतं. कडी पुन्हा वाजली.

"आक्का." आवाज उत्तमचा होता.

तिनं दार उघडलं. तालमीचा अध्यक्ष भिंतीला धरून उभा होता. घामानं चेहरा ओला, एक हात कमरेवर. शर्टाच्या खिशातून औषधाची पट्टी डोकावत होती. पट्टी न उघडलेली, एकही गोळी न काढलेली. त्याच्या मागे बोळाच्या तोंडाशी तालमीचा फळा दिसत होता, चौदावर रंग फासून पुन्हा काळाकुळकुळीत केलेला, आणि त्याच्यावर पांढऱ्या खडूनं 'दिवस २' लिहिलेलं.

"काल डॉक्टरकडं गेलतो," तो म्हणाला. "किडनीत पू झालाय म्हणालेत. आक्का, मला माफ—"

"आसू दे," ती म्हणाली.

त्याला परत पाठवावं असं तिला फार वाटलं. दार लावलं तर हा गोळी खाणार नाही, हेही तिला त्याच्या तोंडावर दिसत होतं. ती आत गेली, पाण्याचा पेला भरून आणला आणि त्याच्यापुढं धरला. या वेळी ती आमटी ढवळायला वळली नाही.

"माझ्यासमोर घे," ती म्हणाली. आणि त्यानं गोळी जिभेवर ठेवून पाणी पिईपर्यंत त्याच्याकडे बघत राहून, नवऱ्याला जे एकदाही विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं, "गिळलीस काय?"